घोड्याचं तोंड कुणीकडं

माझ्याकडं तेवीस टालर आहेत. घरी कुणी नाण्यांचा शौकीन आला की मी कपाटातला निळ्या मखमलीचा ट्रे काढते आणि त्यातले बावीस दाखवते. टालर म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वी जर्मन मुलखात पाडलेला चांदीचा मोठा रुपया. आपल्या आजोबा-पणजोबांच्या राणीछाप रुपयापेक्षा चांगलाच रुंद, आणि तळहातावर ठेवला तर हात जरा खाली जावा इतका जड. तेव्हा जर्मनी असा एक देश नव्हता. पंचक्रोशीएवढी संस्थानं, प्रत्येकाचा राजा वेगळा, टाकसाळ वेगळी आणि रुपयावरचं चित्रही वेगळं. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी नावं ऐकत जे वाढले त्यांना हे फार समजावून सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईचे लोक येतात, भिंग लावून बघतात, विट्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकेकडं हे कसं आलं म्हणून नवल करतात, चहा पितात आणि जातात. तेविसावा टालर ट्रेमध्ये नसतो. तो स्वयंपाकघरात, आईच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात असतो. हे प्रकरण त्याचं आहे. ते लिहायला मी चार वेळा बसले आणि चार वेळा उठले. एकदा दूध उतू जात होतं, उरलेल्या तीन वेळा उगाच.

आमच्या भागात पाऊस कमी, म्हणून माणसं बाहेर पडली आणि सोनं-चांदी गाळायला शिकली. देशातल्या कुठल्याही सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरा, आमच्याकडचा एखादा माणूस भट्टीपुढं बसलेला दिसेल. आमचे आबा कोचीनला होते. वर्षातून दोनदा, गावच्या यात्रेला आणि दिवाळीला, ते घरी यायचे. ते आले की आधी वास यायचा, मग आबा. तेजाबाचा तिखट वास त्यांच्या सदऱ्यात, ट्रंकेत, अगदी केसांतही असायचा आणि त्यात खोबरेल तेलात तळलेल्या केळ्याच्या कापांचा वास मिसळलेला. त्यांच्या बोटांची टोकं तेजाबानं तपकिरी झालेली होती. आई ती कापं घरोघर वाटायची आणि वाटताना प्रत्येकीला सांगायची की आमच्याकडं कुणाला आवडत नाहीत, न्या बाई. आम्हाला जीव की प्राण होती. आबा घरी असले की चुलीवर कायम काहीतरी रटरटत असायचं, हुलग्याचं माडगं नाहीतर कटाची आमटी, आणि आई एरवीपेक्षा मोठ्यानं बोलायची. ते गेले की घरात फक्त जात्याचा आणि शेजारच्यांच्या रेडिओचा आवाज उरायचा.

कोचीनच्या व्यापाऱ्यांकडं जुनी चांदी यायची, तिच्यात परदेशी नाणी असायची. जुन्या काळी ती जहाजांतून बंदरात उतरायची आणि बहुतेक सगळी इथल्या टाकसाळींत वितळून जायची. जी वाचली ती कुणाच्या तरी गाठोड्यात, कुणाच्या गळ्यात राहिली आणि शेवटी आबांच्या भट्टीपुढं आली. मी नववीत असताना आबांनी पहिला टालर आणला. त्यावर एक दाढीवाला उघडा माणूस हातात उपटलेलं झाड घेऊन उभा होता. आबा म्हणाले, ह्याला मुशीत टाकायला हात झाला नाही. आईनं बघितलं आणि हा मारुती आहे असं सांगून त्याला कुंकू लावलं. पुढं मी शिकले की तो ब्राउनश्वाइकचा रानमाणूस, पण आईचं कुंकू मी अजून पुसलेलं नाही. त्या दिवसापासून मी आबांचा पिच्छा पुरवला. मला दाखवल्याशिवाय एकही नाणं वितळवायचं नाही, असं वचन घेतलं. एकदा मला न विचारता एक साधी, झिजलेली, कुठल्यातरी नवाबाची चवली मुशीत गेली तर मी दोन दिवस जेवले नव्हते. ही गोष्ट मी सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगायची. अंजनालाही सांगितली होती. ही गोष्ट पुढं कामाला येणार होती.

अंजना माझी सांगलीतली, वसतिगृहाच्या खोलीतली सोबतीण. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही एका खोलीत आलो. ती माण तालुक्यातली, दहिवडीच्याही पुढची, धनगराच्या घरातली. त्यांच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिली. आमच्या खोलीत दोन खाटा, एक खिडकी आणि खिडकीतून दिसणारा एक शेवगा होता. मेसमधलं वरण इतकं पातळ असायचं की अंजना म्हणायची, ह्यात मेंढरू धुऊन निघेल. घरून येताना ती दशम्या आणायची, मी शेंगांची चटणी, आणि महिन्याच्या शेवटी दोघी मिळून भडंगावर दिवस काढायचो. तिला इतिहासाचं वेड होतं. पाठ करणारं नव्हे, विचारणारं. एखादा ताम्रपट म्हटलं की तो लिहिणाऱ्याचं अक्षर कसं होतं, असं ती सरांना विचारायची आणि वर्ग हसायचा. मी पण हसायची. ती खाटेवर बसून चातीवर लोकर कातता कातता वाचायची आणि चातीची ती बारीक घुरघुर ऐकत मला झोप लागायची. अजूनही कुठं शिवणयंत्राचा आवाज आला तर मला ती खोली आठवते.

ती कॉलेजात आली कशी, ते तिनंच मला सांगितलं होतं. तिच्या आईचा, म्हणजे मावशींचा, पोरीला सांगलीला धाडायला साफ नकार होता. त्यांच्या देवघरात इतर टाकांबरोबर एक मोठा जाड टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला घरचा देव. हा मात्र दोन्ही बाजूंनी ठसे असलेला, गोल, रुपयासारखा. एका बाजूला घोडेस्वार, घोड्याखाली पडलेला राक्षस. घरातले त्याला खंडोबा म्हणायचे, राक्षसाला मणी म्हणायचे, आणि तो कधीपासून आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. स्वाराचं तोंड उजवीकडं, आणि देवघराच्या उजव्या हाताला घराचं दार. अंजनानं त्याच्यावरच बोट ठेवलं. देवच दाराकडं तोंड करून बसलाय, बाहेर जाणाऱ्याच्या संगं जातोय, मग मला का अडवतीस, असं तिनं आईला विचारलं. मावशींनी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी पोरीच्या दशम्या बांधल्या. अंजना ही गोष्ट सांगताना स्वतःवरच खूश होऊन हसायची.

दिवाळीची सुट्टी संपवून ती परत आली तेव्हा तिनं वहीतून एक कागद काढला. त्या देवावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली होती. दोन गोल. एकात घोडेस्वार, एकात ढाल, आणि दोन्हींच्या कडेनं अक्षरं. ती म्हणाली, लहानपणापासून ही अक्षरं मी बोटानं गिरवतीय, इंग्रजीसारखी हायत पण इंग्रजी न्हाईत. तू नाण्यांतली हायस, काय लिवलंय तेवढं काढ. माझे कान तापले. घोड्याखालचा तो राक्षस मणी नव्हता, पंख असलेला अजगर होता.

आमच्या इतिहासाच्या सरांच्या घरी परदेशी नाण्यांचं एक जाडजूड सूचीपुस्तक होतं. रविवारी मी एकटीच गेले. सरांच्या बाईंनी पोहे दिले, ते गार होईपर्यंत मी पानं उलटत होते आणि एका पानावर तो स्वार होता. मान्सफेल्ड नावाच्या खाणींच्या मुलखातले सरदार होते, त्यांचा टालर. स्वार म्हणजे त्यांचा संत, अजगर मारणारा. तिकडचे शिपाई लढाईला जाताना हा टालर अंगावर बाळगायचे, गोळी लागत नाही म्हणून. म्हणजे तिकडंही तो देवच होता, बाहेर जाणाऱ्याच्या संगं जाणारा. ढालीच्या कडेनं काय लिहिलंय तेही तिथं अर्थासकट होतं. हे सगळं पळत जाऊन अंजनाला सांगावं, एवढंच खरं तर करायचं होतं. कृष्णेच्या पुलावरून परत येताना माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती, की असा टालर माझ्याकडं नाही. आणि देवघरात तो रोज हळदीकुंकवानं, ताकानं, चिंचेनं घासला जातोय, झिजतोय, आणि त्याची किंमत तिथं कुणाला नाही. स्वतःच्या हावेला मी काळजीचं नाव दिलं. खोलीत आल्यावर अंजनानं विचारलं तर म्हणाले, अक्षरं फार झिजलीत गं, काही लागत नाही. ती एवढंच म्हणाली, बरं.

पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार जोडून मी तिच्या गावी गेले. मीच हट्ट केला होता. घरातले पुरुष मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरलेले, घरी मावशी, एक म्हातारा चुलता आणि मागं ठेवलेली लंगडी-आजारी मेंढरं. वाड्याबाहेर बोराटीचं कुंपण, लोकरीचा ओलसर वास, आणि पहाटे पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या घागरींचा आवाज. मावशी उंच, काटक, बोलायला कमी. त्यांनी माझ्यासाठी घट्ट दुधातल्या शेवया केल्या, जेवताना समोर बसून राहिल्या आणि माझ्या ताटात पुनःपुन्हा वाढत राहिल्या. चंपाषष्ठी जवळ आली होती. सणाआधी देव सोनाराकडून उजळून आणायचे असतात, पण नेणारं कुणी नव्हतं. मी चांदीतल्या माणसाची लेक, हे अंजनानं कधीच सांगून ठेवलेलं. रविवारी निघताना मावशींनी पाचही टाक एका लाल फडक्यात बांधले आणि गाठोडं कपाळाला लावून माझ्या ओंजळीत ठेवलं. म्हणाल्या, "इमल, तुझ्या बाचा हात चांदीवरचा हाय. तूच उजळून आण. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नगंस." मी मान हलवली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लहान होते असं म्हणायची सोय नाही.

सांगलीच्या पेठेत टाक घडवणारे एक कारागीर होते, आबांच्या ओळखीचे, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. चार टाक मी त्यांच्याकडून खरोखर उजळून घेतले. पाचवा मोडून नवा करायचाय, असं सांगितलं. आमच्याकडं तशी रीत आहे. टाक फार झिजला की तो वितळवायचा आणि त्याच चांदीत नवा घडवायचा, म्हणजे देव तोच राहतो. कारागिरांनी जुना टाक मागितला. मी म्हणाले, तो घरीच मोडून झाला, ही घ्या त्याची चांदी. आणि पिशवीतून माझे पैंजण काढून दिले, हातोडीनं चेचून गोळा केलेले. नाणी सोडली तर घरात तेवढीच चांदी माझी स्वतःची होती. पायातलं देवाला लावत नाहीत हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. आईला मी पैंजण हरवले म्हणून सांगितलं आणि तिनं पूर्ण आठवडाभर मला वेंधळी म्हटलं.

चित्रासाठी मी अंजनाचा तो पेन्सिलीचा कागद दिला. तिच्या वहीतून तो न विचारता घेतला होता. कारागिरांनी कागद फिरवून बघितला आणि विचारलं, पोरी, हे मागनं ठोकायचं का पुढनं धरायचं? टाक मागून ठोकतात, त्यामुळं पुढं उठाव येतो, हे मला माहीत असायला हवं होतं. मी वर्गाला उशीर होतोय या घाईत म्हणाले, आहे तसंच काढा. त्यांनी आहे तसंच पत्र्यावर ठेवलं आणि मागून ठोकलं. दोन दिवसांनी टाक मिळाला, जाड, घसघशीत, स्वाराच्या हातात भाला अगदी ठसठशीत. मी त्याच्या चकाकीवर खूश झाले. ज्या पोरीनं सूचीपुस्तकातल्या एकेका अक्षरासाठी भिंग लावलं, तिला घोडा कुणीकडं चाललाय ते दिसलं नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी एसटीनं त्यांच्या गावी पोचलो. मावशी सारवून, हातपाय धुऊन वाटच बघत होत्या. मी फडकं सोडलं आणि आठ दिवस घोकलेलं बोलले, की मोठा टाक फार झिजला होता, चीर गेली होती, म्हणून आबांच्या ओळखीत वितळवून नवा करून घेतला. मावशींचा चेहरा पडला. त्यांनी बाकीचे चार टाक बोटानं बाजूला सारले. मग विचारलं, "चांदी तीच हाय न्हवं?"

"व्हय मावशी," मी म्हणाले, "तीच."

त्यांनी श्वास सोडला. टाक दोन्ही हातांत धरून उजेडाला, दाराशी नेला, अंगठा फिरवला. कोऱ्या पाठीबद्दल काही विचारलं नाही. मग देवघरात त्याच्या जागी ठेवला आणि तशाच उकिडव्या बसून राहिल्या. अंजना पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या शेजारी उभी होती. मावशी तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "अंजे, देव माघारी फिरलाय बघ. तोंड घरात केलंय त्येनं." तेव्हा मला दिसलं. घोडा डावीकडं, दाराकडं पाठ करून, घराच्या आतल्या भिंतीकडं चालला होता.

पुढचं सगळं फार हळू आवाजात झालं. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही. मावशी म्हणाल्या की देवानं एकदा वाट दावली तवा मी ऐकलं, आता तो घरी बलावतोय तर ते बी ऐकाय पायजे. चुलत्यानं मान डोलावली. अंजनानं तांब्या खाली ठेवला. तिनंच केलेला युक्तिवाद तिच्यावर उलटला होता. उत्तर माझ्याकडं होतं. एका वाक्याचं. मावशी, हा तो देव नाहीच, तो माझ्या ट्रंकेत आहे, त्याचं तोंड अजून दाराकडंच आहे. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं, खरंच आलं, आणि अंजनानं माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं ती माझ्याकडं मदत मागतेय. मी खाली बघितलं आणि फडक्याची घडी घालायला लागले. दुसऱ्या दिवशी वांग्याचं भरीत, भाकरी, तळी भरली, भंडारा उधळला, मावशींनी माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि एवढ्या पुण्याच्या कामाबद्दल त्यांच्या हातची काळी घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. मी ती घेतली. संध्याकाळच्या एसटीनं एकटी परत आले. आठवड्यानं तिचा चुलता आला आणि तिची ट्रंक, गादी, चाती घेऊन गेला. त्याच्यासाठी मी कॅन्टीनमधून चहा आणला, तो त्यानं बशीत ओतून प्यायला आणि मला सुखी ऱ्हा म्हणाला.

त्या उन्हाळ्यात तिचं लग्न शेजारच्या गावी, मामाच्या मुलाशी झालं. पत्रिका आली होती, मी परीक्षेचं कारण कळवलं. पुढं मी बीएड केलं, इतिहास शिकवला, टालर जमवत गेले, आबा गेल्यावर त्यांच्या ओळखींतून आणि नंतर कॉम्प्युटरवरून. वर्गात एखादी मुलगी आडवेतिडवे प्रश्न विचारायला लागली की मला घाम फुटायचा. मी अशा मुलींशी फार चांगली वागले, पण तो चांगुलपणा म्हणजे निव्वळ भीती होती. ती घोंगडी मी कधी अंगावर घेतली नाही, टाकूनही दिली नाही. मान्सफेल्डचा टालर ट्रेमध्ये ठेवायचा मी एकदाच प्रयत्न केला. बाकीच्यांत तो शोभत होता, सगळ्यांत देखणा होता. पाच मिनिटांनी काढून घेतला.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी माणमध्ये शिक्षिका म्हणून गेली आणि बोलता बोलता तिच्या वर्गातल्या एका चुणचुणीत पोरीच्या आजीचं नाव तिनं सांगितलं. मी फोन नंबर मागवला. तीन आठवडे तो भिंतीवर चिकटवून ठेवला. शेवटी लावला तर पलीकडून अंजनाचाच आवाज, जरा जाड झालेला. नाव सांगितलं. ती म्हणाली, "ये की. एवढी वाट का बघितलीस?"

आता तिकडं रस्ता चांगला झालाय, कुठंकुठं कालव्याचं पाणीही दिसतं. अंजनाचं घर सिमेंटचं आहे, दारात मोटरसायकल, मागं मेंढरांचा वाडा तसाच. केस पांढरे झालेत, पाठ ताठ आहे. गावातल्या बायकांना जमवून ती घोंगड्या विणून घेते, विकते. भाऊ मुंबईला गेले, मावशी दहा वर्षांपूर्वी वारल्या, आणि देव हिच्याकडं आले. मी चहा व्हायच्या आतच घरून आणलेला कुंकवाचा करंडा उघडला, टालर काढून तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. रविवारचं सूचीपुस्तक, झिजली म्हटलेली अक्षरं, लाल फडकं, आहे तसंच काढा, आणि पैंजण. चाळीस वर्षं तुम्ही माझ्या पायातल्या चांदीला नमस्कार करताय, असं मी म्हणाले आणि रडले. मला कुणी तरी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

अंजनानं मला रडू दिलं. मग म्हणाली, "मला त्याच दिशी कळलं हुतं गं. बापाच्या भट्टीत साधी चवली गेली तर दोन दिस उपाशी बसणारी तू. तू त्यो घोडा वितळू देशील व्हय?"

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती नातीच्या वह्या एकावर एक नीट लावत राहिली. तिनं सांगितलं ते असं. त्या वर्षी कोकणात मेंढरं रोगानं मरत होती, तिचा बाप आणि भाऊ तिकडं होते, आणि आईचा सगळा जीव त्या देवावर होता. देव माघारी फिरला हे आई सोसू शकत होती. घरात जेवून गेलेल्या, आपण स्वतः ओंजळ भरून दिलेल्या पोरीनं देव नेला, हे ती सोसू शकली नसती. मी आपणहून कबूल केलं असतं तर आईनं ते पोटात घातलं असतं, म्हणून अंजना वाट बघत होती की मी बोलेन. माझ्याकडं ती बघत होती ते मदतीसाठी नव्हतं. ती मला संधी देत होती. मी घडी घालायला लागले तेव्हा तिनं ठरवलं की आता कॉलेज गेलं तर जाऊ दे.

मग ती उठली आणि देवघरातून तो टाक घेऊन आली. हळदीनं पिवळा, स्वाराचं तोंड बोटांनी पुसून गुळगुळीत झालेलं. "पायातली तर पायातली," ती म्हणाली. "चाळीस वरसं आईचा आन् माझा हात फिरलाय ह्येच्यावरनं. आता ह्योच आमचा देव. त्यो तुझा तू न्हे." मी हात जोडले, ठेवून घे म्हणाले, दोन्ही ठेव. तिनं नकाराची मान हलवली. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "देव नेलास त्येचं मला एवढं लागलं न्हाई इमल. कालेजाचं बी एक डाव सोसलं. पर मी तुला ती अक्षरं इचारली हुती. तुला ठावं हुतं आन् तू सांगितलं न्हाईस. काय लिवलंय गं त्याच्यावर?"

मी टालर उलटा केला आणि ढालीच्या कडेनं बोट फिरवत एकेक शब्द वाचला. बाय गॉट इस्ट राट उंट टाट. देवापाशीच सल्ला आहे आणि देवापाशीच करणी. अंजनानं ते दोनदा म्हणून बघितलं, जर्मनही आणि मराठीही. "आईला सांगायचं हुतंस," ती म्हणाली. "लय खूश झाली असती."

नातीच्या कंपासपेटीतून तिनं पेन्सिल काढली. वहीचा एक कागद फाडून टालरवर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरत, जीभ दातांत धरून, हळूहळू घासायला लागली. आधी घोडा उमटला, उजवीकडं चाललेला. मग टालर उलटून ढाल, मग अक्षरं, एकही झिजलेलं नाही. खाली तिनं मला मराठीत अर्थ लिहायला लावला, माझं अक्षर बघून मास्तरणीचंच आहे म्हणाली, आणि कागदाची घडी करून देवघरात टाकाच्या मागं ठेवली. मग टालर पदरानं पुसून माझ्या हातावर ठेवला, वर मुठीएवढा गूळ आणि शेंगदाण्याची पुरचुंडी दिली आणि एसटीची वेळ झाली म्हणून मला थांब्यापर्यंत पोचवायला आली. कागद तिच्याकडं राहिला. चांदी माझ्याकडं आहे.